चौदाला तीन

आमच्या वहिनींना राग येत नाही. राग त्यांच्याकडे कायमचा राहायलाच आहे. कधीमधी तो बाहेर गेलेला असतो, तेव्हा घरात घबराट उडते. दादा हळूच माझ्या खोलीत येतो आणि विचारतो, "अरे, तिला ताप वगैरे नाही ना?"

दादा माझा थोरला भाऊ. घड्याळं दुरुस्त करतो. पंचवीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे मोहरीएवढ्या स्क्रूपेक्षा मोठी गोष्ट त्याला दिसतच नाही, असं वहिनींचं म्हणणं आहे. वहिनींची उंची बेताची, आवाज मात्र बेताच्या बराच बाहेरचा. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात गॅस्केटच्या खोलीत त्या बावीस वर्षं काम करतात. गॅस्केट म्हणजे पंपाचे दोन लोखंडी भाग जिथे एकमेकांना भिडतात तिथे मधे बसवायची रबराची रिंग. ती नीट नसेल तर पंप गळतो. रबराच्या चौकोनी शीटवर परकाराने गोल आखायचे, सुरीने कापायचे, मधला गोळा, म्हणजे चकती, काढायचा, त्या गोळ्यातून लहान वॉशर काढायचे, असं ते काम. त्या खोलीत वीस बायका आहेत. लांबलचक लाकडी टेबलं, रबराचा वास, आणि दाराशी कतरणीचं, म्हणजे कापून उरलेल्या तुकड्यांचं, पिंप. पाळी संपली की पिंप काट्यावर ठेवून कतरण मोजतात. जास्त भरली की बोलणी.

या खोलीच्या मुकादम मोठ्याबाई. त्या वर्षभरात निवृत्त होणार होत्या आणि त्यांच्या जागी वहिनी बसणार हे भिंतीवरच्या पालीलाही माहीत होतं. तेवढ्यात फळ्यावर नोटीस लागली: यापुढे मुकादमपदासाठी शालान्त परीक्षेचं प्रमाणपत्र आवश्यक.

वहिनी नववीनंतर शाळेत गेल्या नव्हत्या. त्या दिवशी घरी आल्या त्या चप्पल न काढता थेट माझ्या खोलीत.

"भाऊजी, तुम्ही पदवीधर ना?"

हा प्रश्न त्यांनी मला एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आदराने विचारला होता. मी सावध झालो.

"म्हणजे... कागदोपत्री आहे."

"मग उद्यापासून मला शिकवायचं. पहाटे साडेपाचला. आणि जांभया द्यायच्या नाहीत."

"पण वहिनी, तुम्हाला कशाला परीक्षा? साहेबांना जाऊन सांगा की बावीस वर्षं..."

"सांगितलं! म्हणाला, नियम आहे. वर म्हणाला, तुम्ही नाहीतर स्टोअरमधले ते आहेतच, त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे. ते म्हणजे कोण माहीत आहे का? फाइल!"

फाइल हा स्टोअरमधला चाळिशीचा गृहस्थ. सतत छातीशी फाइल धरून फिरतो म्हणून बायकांनी ठेवलेलं नाव. आयुष्यात त्याने कापलेली एकमेव गोल वस्तू म्हणजे वाढदिवसाचा केक, असं वहिनी सांगत. तो आपल्या डोक्यावर बसणार या कल्पनेने त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि ती पुढचं सबंध वर्ष तिथेच होती.

बाकीचे विषय त्यांनी धाकदपटशाने पार पाडले. इतिहास त्यांनी पाठ केला नाही, दरडावून घेतला. प्रश्न होता भूमितीचा. माझ्या पुतणीचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं. तिने त्यातल्या प्रत्येक वर्तुळाला डोळे आणि मिशा काढून ठेवल्या होत्या. त्या मिशाळ वर्तुळांसमोर आम्ही दोघं पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचो आणि चुलीआधी वहिनी पेटायच्या.

"वाचा," मी म्हणायचो.

"सात मीटर दोरीने एक गाय चौरसाकृती शेताच्या कोपऱ्यात बांधली आहे. ती किती क्षेत्रफळातलं गवत खाईल?" वहिनींनी पुस्तक आपटलं. "कोपऱ्यात का बांधली?"

"म्हणजे?"

"कोपऱ्यात बांधली तर तिला पाव गोलच मिळणार. साडेअडतीस. तोच खुंटा शेताच्या मध्ये ठोकला असता तर चौपट गवत मिळालं असतं. पुस्तक लिहिणाऱ्याला जनावराची काही दयामाया?"

"वहिनी, ते फक्त गणित आहे."

"म्हणून काय गाय उपाशी मारायची?"

मी म्हटलं, उत्तर बरोबर आहे, पुढे चला. पुढे पाय आला, बावीस सप्तमांश. मी प्रामाणिकपणे सांगितलं की ही किंमत तंतोतंत नाही, साधारण आहे. तेवढं पुरलं.

"साधारण? मग उत्तर बरोबर की चूक असं कसं ठरवतात? आम्ही साधारण कापलं तर पंप गळतो आणि बोलणी खावी लागतात. यांनी साधारण मोजलं तर ह्यांचं पुस्तक छापतात!"

दादा चहा घ्यायला आत येई, हा आवाज ऐकून चहा न घेता परत जाई.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली. वहिनींना गणित येत होतं. रीत येत नव्हती. आणि रीत येत नव्हती कारण त्यांना तिची गरज पडलेली नव्हती. चौरसात गोल बसवलेला असला आणि उरलेला भाग विचारला की मी पेन्सिलीला टोक करीपर्यंत त्या उत्तर सांगायच्या.

"तुम्ही हे कसं काढता?" मी एकदा विचारलं.

"चौदाला तीन."

"म्हणजे?"

"भाऊजी, डोळे उघडे ठेवत जा. चौदा किलोची शीट कापली की तीन किलो कतरण. चौकोनातून गोल काढला की चौदाला तीन जातात. मोठ्याबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं. काट्यावर रोज दिसतं."

मी कागदावर करून पाहिलं. चौरस एक धरला, बावीस सप्तमांशाने आतला गोल काढला, वजा केला. खरंच चौदातले तीन. वीस बायका आणि एक वजनकाटा यांनी हा नियम काढून वापरात आणला होता आणि मी, पदवीधर, जांभई देत होतो.

"हे ठीक आहे," मी म्हटलं, "पण पेपरात रीत लिहावी लागते."

"का?"

"मार्क रीतीला असतात."

"आणि उत्तराला?"

"एक."

वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू ही व्यवस्था मीच काल संध्याकाळी सुरू केली होती.

पहिल्या परीक्षेला त्या गेल्या त्या लढायला. परत आल्या त्या समाधानाने, त्यामुळे दादाने ताप पाहायला हात पुढे केला. प्रश्नपत्रिकेवर त्यांनी आपली उत्तरं उतरवून आणली होती. मी तपासायला बसलो. पहिल्या गोलाचं क्षेत्रफळ एकशे चोपन्न हवं होतं, त्यांनी साडेअडतीस लिहिलं होतं. दुसऱ्याचं सहाशे सोळा हवं होतं, त्यांनी एकशे चोपन्न लिहिलं होतं. तिसरी रिंग होती, तीही बरोबर पाव. सगळा पेपर पाव होता. चुकांमध्ये इतकं सातत्य मी आजवर बरोबर उत्तरांतही पाहिलेलं नाही.

"वहिनी," मी जरा लांब सरकून म्हटलं, "इथे सातची त्रिज्या दिली आहे."

"हो. सातचा गोल. साडेअडतीस. मी रोज कापते."

"त्रिज्या म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत. तुम्ही ते सात आरपार धरलेत."

मग वहिनींनी परकार उचलून टेबलावर रोवला.

"मध्यापासून कोण मोजतं हो? मध्य असतो कुठे? आमच्या रिंगला मध्ये भोक असतं! भोकावर पट्टी ठेवून हवा मोजू का मी? सातचा वॉशर म्हटला की या कडेपासून त्या कडेपर्यंत सात. सगळ्या कारखान्यात तेच, परकारावर आकडेही आरपारचेच कोरलेले. पंपवाल्यालाही तेच कळतं. फक्त या पुस्तकवाल्यांनाच गोलाच्या पोटात शिरून मोजायची हौस!"

"पण तुम्हाला त्रिज्या म्हणजे काय ते माहीत होतं."

"माहीत होतं. पण सात म्हटलं की हात आरपार जातो." एवढंच त्या हळू म्हणाल्या. मग लगेच मोठ्याने, "हाताला काय परीक्षा द्यायचीय?"

अकरा गुणांनी गेल्या. मोठ्याबाई निवृत्त व्हायला आणखी सहा महिने होते आणि त्याआधी एक परीक्षा होती. वहिनींनी पुस्तकातल्या प्रत्येक मिशाळ वर्तुळाखाली लाल शाईने लिहिलं: 'मध्यापासून!!' उद्गारचिन्हं शाईने नव्हे, संतापाने काढलेली. पुढचे सहा महिने घरातल्या सगळ्या गोल वस्तू मध्यापासून मोजल्या गेल्या. ताटं, डबे, दादाची घड्याळं. दादाच्या दुकानात त्या पट्टी घेऊन गेल्या तेव्हा एका गिऱ्हाइकाने घाबरून आपलं घड्याळ परत मागितलं.

दुसऱ्या परीक्षेत एकही त्रिज्या सुटली नाही. मी उत्तरं पाहिली; पास होण्यात अडचण नव्हती. मग निकाल आला. तेहतीस. पास व्हायला पस्तीस लागत.

दोन गुण.

त्याच आठवड्यात मोठ्याबाई निवृत्त झाल्या आणि साहेबांनी खुर्चीवर तात्पुरतं फाइलला बसवलं. फाइलने पहिल्याच दिवशी खोलीत सुधारणा केली. वहिनी आणि मोठ्याबाई गोल एकमेकांना चिकटून आखत. छप्पन्न सेंटिमीटरच्या शीटमधून चौदाचे सोळा गोल निघत. फाइलला ते गचडीसारखं दिसलं. "गोलांमध्ये बोटभर जागा ठेवा," त्याने हुकूम सोडला, "सुटसुटीत दिसलं पाहिजे." आता रांगेत तीनच बसू लागले. सोळाच्या जागी नऊ. निम्म्याहून जास्त शीट कतरणीच्या पिंपात जाऊ लागली. पिंप भरून वाहिल्यावर फाइलने काय करावं? त्याने बायकांवर डाफरायला सुरुवात केली. हात जड आहेत तुमचे, म्हणाला. एका बाईला तिच्या वजनाशी कतरणीची तुलना करून दाखवली. ती टेबलाखाली वाकून रडली.

हे सांगताना वहिनींचा आवाज चढला नाही. मला पहिल्यांदा त्यांची खरी भीती वाटली.

"तिला मी म्हटलं," त्या म्हणाल्या, "एक महिना थांब. एक महिना." मग माझ्याकडे वळल्या. "दोन गुण कुठे गेले ते मला बघायचंय."

आम्ही उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. पाचव्या प्रश्नाशी दोन गुण सापडले, खरं तर चार. प्रश्न असा होता: २८ सेंटिमीटर बाजूच्या चौरसाकृती पत्र्यातून एकमेकांना आणि कडांना टेकणारी चार समान वर्तुळं कापली, उरलेल्या पत्र्याचं क्षेत्रफळ काढा. वहिनींनी लिहिलं होतं:

'चौदाला तीन. चार कापा नाहीतर एक कापा, कतरण तेवढीच. १६८ चौ. सेंमी.'

उत्तर बरोबर होतं. शेजारी परीक्षकाच्या लाल पेनाने शून्य, आणि शून्याशेजारी एकच शब्द: 'रीत?'

"वहिनी!" मी ओरडलो. खरं सांगतो, त्या वेळी मलाही भयंकर राग आला, आणि तो आधी त्यांच्यावरच आला. "सहा महिने मी काय सांगत होतो? रीत लिहा, रीत लिहा!"

"बाकी सगळीकडे लिहिली. इथे पाच मिनिटं राहिली होती. आणि यात रीत आहे काय लिहायला? रोजचं काम आहे ते!"

फेरतपासणीचा अर्ज केला. बोलावणं आलं. परीक्षा कचेरीत आम्ही तिघं गेलो. दादाने दुकान बंद ठेवलं होतं, ही घरातली ऐतिहासिक घटना. बाहेरच्या बाकावर तो बसला. आत मला 'मार्गदर्शक' म्हणून जाऊ दिलं. खोलीत कपाटांच्या वर कपाटं, कपाटांच्या वर गठ्ठे, आणि गठ्ठ्यांच्या मध्ये एक सडपातळ तपासनीस, साठीच्या पुढचे, खिशात तीन रंगांची पेनं. आयुष्यभर भूमितीच शिकवलेला माणूस, हे त्यांनी टेबलावरचा कप पट्टीच्या कडेला समांतर ठेवला त्यावरून कळलं.

"बाई, उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण रीत नाही. सूचनेत स्पष्ट म्हटलं आहे."

"वाचून दाखवा सूचना," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी चष्मा सारखा केला. "आवश्यक तेथे रीत दाखवावी."

"मग? मला आवश्यक नव्हती."

तपासनीसांनी चष्म्यावरून पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"हे आवश्यक आहे की नाही ते परीक्षक ठरवतो, बाई. नुसतं उत्तर कोणीही शेजारणीचं बघून लिहितं."

हे म्हणायला नको होतं. वहिनींनी पदर खोचला.

"शेजारणीचं? माझ्या शेजारी मिसरूड न फुटलेला एक पोरगा बसला होता, तो खोडरबर चावत होता. त्याचं बघून मी लिहीन? घाला दुसरं गणित! आत्ता, इथे!"

तपासनीसांनी, मला वाटतं कुतूहलाने, कागद ओढला. चौरस काढला. "याच चौरसात नऊ समान वर्तुळं, एकमेकांना टेकलेली. उरलं किती?"

"एकशे अडुसष्ट."

"शंभर काढली तर?"

"एकशे अडुसष्टच. हजार काढा. हात दुखेल, कतरण तेवढीच."

"का?"

"का म्हणजे? शीट चार चौकोनांत कापा. प्रत्येक चौकोनात एक गोल बसला. प्रत्येक चौकोनाचे चौदाला तीन गेले. मग सगळ्या शीटचे पण चौदाला तीनच जाणार ना? यात आणखी काय सांगायचं!"

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांच्या डोळ्यांत शिक्षकाची जुनी खोड चमकली. त्यांनी चौरसाच्या बाहेरून, चारही टोकांना टेकणारं वर्तुळ काढलं. "आता उलट. या वर्तुळातून हा चौरस कापला."

"अकराला चार."

"हे कुठे शिकलात?"

"मोठ्या रिंगमधून गोळा पडतो. त्यातून आम्ही चौकोनी पॅकिंग काढतो. अकरा किलोला चार किलो कतरण. पिंप चटकन भरतं, म्हणून आम्हाला ते काम आवडत नाही."

त्यांनी कागदावर आकडेमोड केली. चांगली तीन ओळींची. खाली चार आणि अकरा आले. त्यांनी त्या आकड्यांखाली दोन रेघा ओढल्या.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "माझ्या वर्गात तुम्ही असता तर..."

"तर रीत लिहिली नाही म्हणून उभी केली असती."

"केली असती," ते खरेपणाने म्हणाले. मग पुन्हा कागदपत्रांत शिरले. "हे पाहा. चार गुणांची वाटणी ठरलेली आहे. त्रिज्या काढण्याला एक, सूत्राला एक, किंमती घालण्याला एक, उत्तराला एक. उत्तर आहे. 'चौदाला तीन' हे सूत्र आहे असं मी मानतो. झाले दोन. त्रिज्या तुम्ही काढलेली नाही. किंमती घातलेल्या दिसत नाहीत."

"चौदाने भागलं, तिनाने गुणलं. मनात केलं."

"पण उत्तरपत्रिकेत नाही."

"मन उत्तरपत्रिकेला कसं जोडू? दोऱ्याने बांधू का पुरवणीसारखं?"

मी खोकलो. दोन म्हणजे पस्तीस होत होते. मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबायचा प्रयत्न केला. तो तपासनीसांचा निघाला. ते जरा दचकले, पण सभ्य गृहस्थ, त्यांनी नुसता पाय आत घेतला. त्यांनी तीन प्रतींचा एक कागद पुढे सरकवला.

"दोन गुण वाढवले आहेत. मान्य असेल तर इथे सही. प्रमाणपत्र शनिवारी मिळेल. मान्य नसेल तर प्रकरण समितीपुढे जाईल. चारही गुण मिळूही शकतात. पण समिती तीन महिन्यांनी बसते आणि तोपर्यंत निकाल रोखलेला राहील."

वहिनींनी कागद वाचला. पुन्हा वाचला. मी त्यांना एकोणीस वर्षं ओळखतो. मला माहीत होतं की आपलं आहे ते अर्धं घेऊन उठणारी ही बाई नाही. फाइलची नेमणूक महिनाअखेरीस पक्की होणार होती.

"बरोबर उत्तर अर्धं बरोबर असतं का हो?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे रिंग एक तर बसते नाहीतर गळते. अर्धी बसलेली रिंग मी बावीस वर्षांत बघितली नाही."

तपासनीसांनी टोपण काढून पेन त्यांच्यापुढे ठेवलं.

"माझी एकटीची गोष्ट असती ना," वहिनी म्हणाल्या, "तर तीन महिने काय, तीन वर्षं बसवलं असतं तुमच्या समितीला." आणि त्यांनी सही केली. इतकी दाबून केली की तिन्ही प्रतींवर उमटलीच, खालच्या टेबलाच्या कापडावरही उमटली. मग सहीखाली त्यांनी आणखी लिहायला सुरुवात केली.

"बाई, तिथे काही लिहायचं नसतं."

"सूचना दाखवा."

सूचना नव्हती. त्यांनी लिहिलं: 'दोन गुण कमी दिले आहेत. घाई आहे म्हणून घेते.' तपासनीसांनी ते वाचलं, शिक्का उचलला आणि त्या ओळीला धक्का न लावता, अगदी मोजून, शेजारी मारला.

बाहेर दादा बाकावरून उठला. "झालं?"

"झालं."

"पास?"

"पास."

"मग चेहरा असा का? खूश नाहीस?"

"खूश? दोन गुण खाल्ले मेल्यांनी!" आणि बसथांब्यापर्यंत, बसमध्ये, आणि बस उतरून घरापर्यंत, सबंध रस्ताभर त्यांनी त्या दोन गुणांचा उद्धार केला. बसमधल्या एका अनोळखी बाईंनी सहानुभूतीने विचारलं, कोण गेलं हो घरातलं?

सोमवारी सकाळी त्या प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका घेऊन साहेबांपुढे उभ्या राहिल्या. पुढचं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय, सगळ्यांच्या आवाजांसकट.

साहेबांनी पाहिलं. "पस्तीस. अगदी काठावर हो!"

"काठावर नाही साहेब, सदतीस आहेत. दोन त्यांच्याकडे राहिलेत."

साहेबांनी नेमणुकीच्या पत्रावर सही केली.

खोलीत फाइल खुर्चीवर बसला होता. पत्र वाचून तो उठला, फाइल छातीशी धरली आणि हसून म्हणाला, "अभिनंदन बाई. माझी कधीही मदत लागली तर..."

"लागलीय. बसा."

त्यांनी खुर्ची दाखवली नाही, टेबल दाखवलं. समोर छप्पन्नची शीट अंथरली, परकार ठेवला, सुरी ठेवली. "सोळा काढा. चौदाचे. एकमेकांना टेकून."

"मी?"

"दोन महिने आम्हाला कसं काढायचं ते सांगत होतात ना?"

वीस बायकांनी हात थांबवले. फाइलने फाइल बाजूला ठेवली. तिच्याशिवाय तो उघडा पडल्यासारखा दिसत होता. पहिला गोल त्याने कसाबसा आखला. दुसरा पहिल्यावर चढला. तिसऱ्याला सुरी घसरली आणि शीटच्या मधोमध वितभर चीर गेली. कोणीतरी फिसकन हसलं. मग टेबलाखाली वाकून रडलेली ती बाई हसली, आणि तिच्यामागून अख्खी खोली. दोन महिन्यांचं साचलेलं हसू होतं ते. वहिनी आपल्याबरोबर हसतील, निदान आज तरी, असं सगळ्यांना वाटलं.

"हसताय काय?" वहिनी कडाडल्या. "शीट वाया गेली सबंध! आणि तुम्ही हात बांधून बघताय? चला, कामाला लागा!"

अशा रीतीने नव्या मुकादमांची पहिली बोलणी, फाइलच्या आधी, त्या वीसजणींनी खाल्ली.